मागून शिवलेला शेवट

मित्रांनो, मी एक जुना शेवट आहे. दचकू नका. शेवट म्हटलं की माणसांच्या पोटात गोळा येतो हे मला ठाऊक आहे, पण मी अगदी साधा, निरुपद्रवी शेवट आहे. फुलस्केप वहीच्या मधली चार पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. लाल समास, निळी शाई आणि गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवणाऱ्या एका कामगाराचं टपोरं अक्षर, एवढाच माझा संसार. लालबागच्या एका वाचनालयात ‘सतरा भरत्या’ नावाची जुनी, नावाजलेली कादंबरी आहे. तिच्या पाठीला मी पन्नास वर्षांपूर्वी शिवला गेलो. पुढची दोनशे चाळीस पानं छापील आणि मागचा मी तेवढा हातचा. त्या छापील पानांत मी घरजावयासारखा राहिलो. मान सगळे देत, पण घरचा कुणी म्हणत नसे.

माझा जन्म का झाला ते सांगतो. या कादंबरीतली गोदा कोकणच्या किनाऱ्यावर राहते. तिचा नवरा हरी गलबतावर गेलेला असतो. ‘सतराव्या उधाणापर्यंत येतो’ असं सांगून जातो. दर उधाणाच्या भरतीला गोदा दारात कंदील लावते, चुलीवर दोघांचा भात टाकते आणि वाट पाहते. असं करत करत सतरावी भरती येते, दूरवर शिडं दिसू लागतात, गोदा धक्क्याकडे निघते आणि पुढे एकदम पुठ्ठा! कारण हे पुस्तक इतक्या हातांनी हाताळलं होतं की शेवटची पानं सुटून कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. गिरणगावातले वाचक हवालदिल झाले. पाळी संपवून आलेली मोठमोठी माणसं वाचनालयाच्या दारात उभी राहून विचारीत, ‘अहो, पण हरी आला की नाही?’ नवीन प्रत शोधली तर ती बाजारात कुठेच मिळेना.

तेवढ्यात या कादंबरीवर काढलेला चित्रपट लालबागच्या थिएटरात लागला. वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला हर्ष झाला. पुस्तकावरून चित्रपट काढलाय म्हणजे शेवट तोच असणार, याबद्दल एकाही सभासदाच्या मनात शंका आली नाही. रीतसर ठराव झाला की एका जबाबदार सभासदानं चित्रपट पाहून यावा आणि शेवट उतरवून आणावा. आज तुम्हाला हसू येईल, पण त्या माणसांनी तो ठराव हात वर करून एकमतानं मंजूर केला होता.

जबाबदार सभासद म्हणजे गंगाधर तेंडोलकर. करी रोडच्या चाळीत राहणारा, साचेखात्यातला, अक्षर मोत्यासारखं. पहिली पाळी सुटली की साडेतीनच्या खेळाला जायचं, असं त्यानं लागोपाठ तीन दिवस केलं. अंधारात पेन्सिलीनं लिहिलेल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. चौथ्या दिवशी संध्याकाळी तो खोलीतल्या ट्रंकेवर वही ठेवून बसला आणि मी पानापानानं जन्माला येऊ लागलो. सात पृष्ठं झरझर झाली. आठव्यावर गाडी अडली.

चित्रपटात हरी गलबतातून उतरतो, गोदा आरतीचं ताट घेऊन धावत येते आणि मग वीस जणांसोबत सहा मिनिटांचं गाणं होतं. आता गाणं कसं लिहायचं? शिवाय जी बाई सतरा वेळा दोघांचा भात टाकते ती ऐन वेळी गाणं म्हणेल, हे गंगाधरच्या मनाला पटेना. समोर त्याची बायको रखमा सुकट निवडत बसली होती. त्यानं तिलाच विचारलं.

“गो, तुझो घोव सतरा भरत्यांनी परत इलो, तर तू पयला काय म्हणतलंस?”

रखमानं मान वरही केली नाही. “काय म्हणतलंय? आधी जेवा म्हणतलंय. इचारूचा ता मगे इचारीन. सतरा भरत्यांचा इचारूचा आसा, ता काय उभ्या उभ्या होवचा नाय.”

त्यावर ती आणखीही एक वाक्य बोलली. ते ऐकून गंगाधर मोठ्यानं हसला, पण ते काही त्यानं लिहिलं नाही. कादंबरीच्या शेवटी ते शोभणार नाही असं त्याला वाटलं असावं. ते काय होतं ते मी सांगेन, पण त्याच्या जागी. आधीचं मात्र त्यानं पुस्तकी भाषेत नीट मांडून लिहिलं: ‘गोदा म्हणाली, आधी जेवून घ्या. विचारायचं ते मी मागून विचारीन. सतरा भरत्यांचं विचारायचं आहे, उभ्या उभ्या व्हायचं नाही.’ खाली बारीक अक्षरात प्रामाणिकपणे नोंद केली: ‘नक्कल: गंगाधर तेंडोलकर, साचेखाते. शेवटचे वाक्य घरून.’

मग मला कातरीनं पुस्तकाच्या मापाचं केलं, सुईदोऱ्यानं शिवलं आणि माझे चांगले दिवस सुरू झाले. काय सांगू तुम्हाला! वाचक माझ्यापाशी यायचे ते श्वास रोखून. आठव्या पृष्ठावर एक हळदीचं बोट उमटलंय. ते वाक्य वाचताना भाजी ढवळायची कुणीतरी विसरली होती. एका कोपऱ्यात शाई पसरली आहे, तिथे कुणाचं तरी पाणी पडलं, आणि ते माठातलं नव्हतं. एकच सल होता. वाचनालयाच्या पुस्तकात जागोजाग गोल शिक्का मारलेला असतो. तसा माझ्या अंगावर एकही नव्हता, कारण दप्तराच्या दृष्टीनं मी नव्हतोच.

पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले, चाळींच्या जागी टॉवर उभे राहिले आणि वाचक पांगले. मी कपाटात किती वर्षं काढली ते मोजलं नाही. कपाट कोरडं होतं आणि शेजारी एक जाडजूड शब्दकोश होता, त्यामुळे तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण ज्याला शेवट व्हायचंय त्याच्यापर्यंत कुणी येतच नसेल तर त्यानं करायचं काय?

अशात गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आरोही आली. चिंचपोकळीची पोरगी, गिरगावातल्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, विषय मराठी. तिला प्रकल्प होता, ‘अभिजात कादंबरी आणि तिचं चित्रपट रूपांतर’. तिनं आधी फोनवर तो जुना चित्रपट पाहिला आणि मग मला घरी नेलं. वाचताना ती शेव खात होती. एक शेव माझ्या शिवणीत जाऊन अडकली. आठव्या पृष्ठाशी आल्यावर ती खायची थांबली आणि मोठ्यानं म्हणाली, “गाणंच नाहीये! देवा, काय भारी!” खाली ‘नक्कल’ लिहिलेलं पाहून हा मूळ शेवटच असं तिनं धरलं, माझं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याच्याभोवती चौकट काढली. मी फुगलो, हे कबूल करतो. तिनं निबंध लिहिला त्यातलं मुख्य वाक्य होतं: ‘चित्रपटाला सहा मिनिटांचं गाणं लागलं, कादंबरीला एक ताट पुरलं.’ मग तिनं पुस्तक वेळेत परत केलं.

इथे माझ्या नशिबानं गोता खाल्ला. वाचनालय सांभाळतात तात्या. वय सत्तरीचं, स्वभावानं सज्जन, पण नियम म्हणजे नियम. त्यांना कित्येक वर्षं माझा संशय होता. त्यांनी दादरच्या एका ग्रंथालयात या कादंबरीची धड प्रत शोधून काढली, तिच्यातल्या खऱ्या शेवटाची झेरॉक्स करून घेतली आणि पुस्तक चिंचपोकळीला दौलत बाइंडरकडे पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: ‘हस्तलिखित पाने काढून टाकावीत. छापील शेवट जोडावा.’ दौलतनं मंगळवारी दोरा कापला. पन्नास वर्षांचा संसार आणि सुटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. माझी तीन पानं कातरणाच्या ढिगात पडली. चौथं, म्हणजे शेवटचं, त्यानं खळीच्या डब्याखाली सारलं, टेबल खराब होऊ नये म्हणून.

बुधवारी संध्याकाळी आरोही धापा टाकत दुकानात शिरली. मागून तात्या.

“दादा, ‘सतरा भरत्या’तली ती हातानं लिहिलेली पानं कुठेयत?”

“तात्यांनीच सांगितलं काढून टाका म्हणून,” दौलत म्हणाला. “कातरणात असतील. आज रद्दीवाला यायचाय.”

आरोही तशीच जमिनीवर बसली आणि ढीग उपसू लागली. उपसता उपसता ती दौलतला सांगत होती, तेव्हा मला सगळं कळलं. कॉलेजात तिला मराठी शिकवणाऱ्या मीनाक्षी मॅडमनी तिचा निबंध वाचला होता. मॅडमनी याच कादंबरीवर प्रबंध लिहिलेला, त्यामुळे पुस्तक त्यांना तोंडपाठ. त्यांनी आरोहीला बोलावून विचारलं होतं, “हे वाक्य कुठून आणलंस? कादंबरीत नाही, चित्रपटातही नाही. आरोही, गोदाचा नवरा परतच येत नाही. जो आलाच नाही त्याला ती जेवायला कशी वाढेल?”

आणि मग त्या म्हणाल्या होत्या, “निबंध मशीनकडून लिहून घेतलास ना? ती यंत्रं अशी खोटी अवतरणं बिनधास्त ठोकून देतात.”

“मी म्हटलं, शप्पथ मॅम, मी वाचलंय,” आरोही सांगत होती. “तर म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत पुस्तक आणून दाखव, नाहीतर शून्य मार्क आणि प्रिन्सिपलकडे तक्रार. दादा, मला मार्कांचं एक वेळ जाऊ दे. मी खरंच वाचलं होतं हो. रडले होते मी ते वाचून.”

तीन पानं सापडली. चौथं मिळेना. आरोहीनं ढीग पुन्हा उलथापालथा केला. “शेवटचंच नाहीये, तात्या. वाक्य त्याच्यावरच आहे.”

तात्यांचे गुडघे दुखतात. तरी ते खाली बसले आणि ढीग चिवडू लागले. “अगं, पण तो शेवट खोटाच होता, पिक्चर बघून लिहिलेला,” ते पुटपुटले.

“मला कुठे माहीत होतं? मला तर तुम्हीच दिलात ना तो वाचायला!”

तात्यांनी कातरणाचा पुढचा गठ्ठा स्वतःकडे ओढला. मी डब्याखालून जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, पण कागदाचा आवाज कुणाला ऐकू जाणार? शेवटी दौलतला त्या पोरीची दया आली. चहा सांगावा म्हणून त्यानं टेबलावर जागा केली, डबा उचलला आणि म्हणाला, “हे काय?”

माझ्या अंगावर खळीचा गोल वण उठला होता, पण वाक्य त्याच्या बरोबर मधे शाबूत होतं. आरोहीनं मला दोन्ही हातांनी धरलं. एवढ्या प्रेमानं मला गंगाधरनंसुद्धा धरलं नव्हतं. मग चहा येईपर्यंत तिनं तिथेच बसून झेरॉक्समधला खरा शेवट पहिल्यांदा वाचला, आणि समोर आलेला चहा गार होऊ दिला.

शुक्रवारी मी प्लास्टिकच्या फोल्डरमधून गिरगावात गेलो. मीनाक्षी मॅडमनी चष्मा लावून मला वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“मी आधी पुस्तक मागायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “न पाहताच बोलले. चुकलं माझं, आरोही.”

आरोही फोल्डर उचलायला पुढे झाली.

“पण तुझा निबंध अजून चुकीचाच आहे. तू तुलना केलीस ती चित्रपटाची आणि या गिरणी कामगाराची. खरा शेवट वाचलास?”

“वाचला, मॅम. हरी येत नाही. गोदा कंदील उतरवते, काच पुसते, आत जाते आणि पहिल्यांदाच एकटीपुरता भात टाकते.”

“मग?”

“खरा शेवट जास्त भारी आहे, मॅम.”

मित्रांनो, मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? ज्या पोरीनं माझ्यासाठी कातरण उपसलं तिनंच माझ्या तोंडावर असं म्हणावं! पण ती थांबली नव्हती.

“पण मॅम, एक बघा ना. सगळ्या पुस्तकात ती दोघांचा भात टाकत असते. पिक्चरवाल्यांनी तो भातच उडवला, गाणं टाकलं. आणि या माणसानं खरा शेवट पाहिलाच नव्हता, पिक्चरच पाहून लिहीत होता. तरी तो गाणं सोडून बरोबर भातापाशी आला. म्हणजे त्यानं बाकीचं पुस्तक किती नीट वाचलं असेल!”

मॅडमनी निबंध तिच्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, “हे लिही. मशीनला हे लिहिता यायचं नाही. सोमवारी दे. आणि हे बघ, इथे लिहिलंय ‘शेवटचे वाक्य घरून’. घरून म्हणजे काय, ते शोधून काढ.”

माझं दुःख तिथेच विरलं. खरा शेवट मी कधीच नव्हतो, पण मी चांगल्या वाचकाच्या हातचा होतो, आणि हे पन्नास वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ओळखलं होतं.

गंगाधर आता नाही. पण रखमा आहे, हे तात्यांना ठाऊक होतं. करी रोडला चाळीच्या जागी झालेल्या टॉवरात, अकराव्या मजल्यावर. रविवारी सकाळी आरोही मला घेऊन तिथे गेली. रखमाचे केस पांढरे झाले होते, हात मात्र तेच, सुकट निवडणारे. आरोहीनं दारातच सुरुवात केली, “आजी, मला तुम्हाला एक विचारायचं होतं...”

“बस गो चेडवा. उन्हातून इलंस. आधी खा. इचारूचा ता मगे इचार.”

रखमानं तिच्यासमोर घावणे आणि चटणीची ताटली ठेवली. आरोहीचा हात फोल्डरवरच राहिला. ती ताटलीकडे बघत होती आणि रखमाकडे बघत होती. तिला विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. मग तिनं आज्ञाधारकपणे दोन घावणे खाल्ले, हात धुतले, मला बाहेर काढलं आणि शेवटचं पृष्ठ मोठ्यानं वाचून दाखवलं.

रखमा ऐकत राहिली. तिला सहीपुरतं लिहिता यायचं, पुस्तकाच्या वाटेला ती कधी गेली नव्हती. आपलं बोलणं गिरणगावातल्या शेकडो माणसांनी वाचलंय, हे तिच्या गावीही नव्हतं.

“ह्या माझा बोलणा,” ती म्हणाली. “तेंनी माका कधी सांगूक नाय.” तिनं पदरानं डोळे टिपले आणि लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. “पण अर्धाच लिवल्यानी! पुढचा खंय गेला?”

“पुढचं काय, आजी?”

“मी म्हटलंलंय, जेवण झाला की मगे भांडान. असा भांडान, की शेजारी गोळा होतले. ता खंय गेला?”

आरोही इतकी हसली की तिला ठसका लागला. रखमाही हसू लागली. मग आरोहीनं पेन्सिल काढली आणि रखमा सांगेल तसं, रखमाच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता, ते वाक्य माझ्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं. पन्नास वर्षं मी लोकांना पुरा वाटत होतो, आणि पुरा मी त्या रविवारी झालो.

दौलतनं मला पुन्हा शिवलंय. आता आधी खरा, छापील शेवट येतो आणि त्याच्या मागून मी. पुस्तक परत आलं तेव्हा तात्यांनी ड्रॉवरमधून वाचनालयाचा गोल शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला आणि माझ्या आठव्या पृष्ठावर ठेवला. थोडा तिरका पडलाय. मला तो फार आवडतो. आरोहीचा निबंध कॉलेजच्या वाङ्मय मंडळात वाचला गेला, तेव्हा पहिल्या रांगेत रखमा बसली होती आणि पिशवीत सगळ्यांसाठी लाडू होते.

मित्रांनो, जाता जाता एक विनंती. जुन्या पुस्तकात हातानं लिहिलेलं काही सापडलं तर ते फाडण्याआधी कुणाचं आहे ते विचारा. आणि पुस्तक असो, चित्रपट असो, नाहीतर माझ्यासारखं मागून शिवलेलं काही असो, आधी ते नीट, शेवटपर्यंत वाचून घ्या. मग खुशाल भांडा. असे भांडा, की शेजारी गोळा झाले पाहिजेत.